घोडा, कुत्री आणि बाई
(इंदापूर येथील शिबिरातील भाषणाचा अंश)



बारामतीहून इथे येताना दोन्ही बाजूंना ऊस दिसत होता. त्या पाचटात हात घालता तुम्ही. घोणस चावली की दवाखान्यात जी लस टोचतात, ती घोड्याच्या रक्तातून येते हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. हाफकिनचे घोडे पिंपरीला आहेत. त्यांना सापाचं विष थोडं थोडं वाढवत टोचायचं, रक्तात प्रतिकारक द्रव्य तयार झालं की रक्त काढायचं. लस लागू पडते का हे उंदरांवर बघतात. त्यात उंदीर मरतात. ती लस नको, असं मी तुमच्यासमोर म्हणू शकत नाही. म्हणणारही नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस केली, आधी सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. पुढची पाळी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांची. ते आपणहून पुढे आले असं सांगतात. पण तुरुंगात ‘आपणहून’ म्हणजे काय, हे आपण बायकांनी तरी विचारावं.

प्राण्यांच्या बाजूनेही बायका उभ्या राहिल्या. पॅरिसचा क्लोद बर्नार जिवंत कुत्री चिरून शरीरशास्त्र शोधत होता. त्याच्या बायकोने संसार मोडला आणि कुत्र्यांचा कैवार घेतला. लंडनच्या फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी १८७५ मध्ये अशा प्रयोगांविरुद्ध संघटना काढली. नवऱ्याच्या मारहाणीवर १८७८ मध्ये लिहिणाऱ्याही याच बाई!

आता आपल्या अंगाशी येणारी गोष्ट. डेपो-प्रोव्हेरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन बीगल जातीच्या कुत्रींना दिलं, तेव्हा त्यांच्या स्तनात गाठी झाल्या. यावर कंपनी काय म्हणाली? कुत्री वेगळी, बाई वेगळी. बरं, मग त्या कुत्रींचा जीव कशाला घेतला? १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला नेट-एन या दुसऱ्या इंजेक्शनची चाचणी बायकांवर होणार होती, आणि ही चाचणी आहे हेच त्यांना सांगितलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते सांगितल्यावर बहुतेक जणी उठून गेल्या. १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

डेपोचं औषध २०१७ पासून सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळतं. तुमच्यापैकी कुणी घेतलं असेल तर आधी काय सांगितलं, पाळी बंद झाली तेव्हा कोण काय म्हणालं, ते आता जेवणानंतर बोलू या. आशाताईंनी वही आणली आहे.