कासेची ठेवण आणि दुधाचे माप

गाय विकत घेणाऱ्याची नजर प्रथम कासेवर जाते, हे स्वाभाविकच आहे. परंतु नजरेत भरणारी प्रत्येक कास दुधाची असतेच असे नाही. बाजाराच्या दिवशी सकाळची धार न काढता गाईची कास तटतटीत भरू देणारे विक्रेते असतात. कर्ज काढून एकच गाय घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला ही फसगत फार महागात पडते.

कासेवरून दूध ओळखण्याची खटपट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील फ्रांस्वा गेनों याने कासेच्या मागील बाजूस आणि मांड्यांवर वरच्या दिशेने वळलेल्या केसांच्या पट्ट्यावरून गाईंचे वर्ग पाडले. पट्टा जितका रुंद, तितके दूध अधिक, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या ग्रंथाची इतर भाषांत भाषांतरे झाली. पुढे दुधाच्या मोजलेल्या नोंदींशी ताडून पाहता हा पडताळा टिकला नाही. दूध केसांत तयार होत नाही. ते ग्रंथींत तयार होते.

कासेचे चार भाग असतात. प्रत्येक भागाला आपला स्वतंत्र सड असतो आणि एका भागातील दूध दुसऱ्यात जात नाही. मागील दोन भागांत सामान्यतः एकूण दुधाचे सुमारे साठ टक्के दूध असते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून वाहावे लागते. म्हणूनच ग्रंथींनी युक्त मोठी कास अधिक दूध देऊ शकते. मात्र मोठेपणा मांसाचा असेल, तर त्याचा उपयोग नाही. दुधाळ कास धार काढल्यावर मऊ पडून सुरकुतते. मांसल कास तशीच फुगीर राहते.

आकाराचा दुसरा संबंध गाईच्या आयुष्याशी आहे. केवळ अधिक दुधासाठी पैदाशीची निवड करीत गेल्यास पिढ्यांगणिक कास खाली उतरत जाते. मागच्या पायाच्या ढोपराखाली लोंबणाऱ्या कासेला इजा होते, चिखल लागतो आणि कासदाहाचा धोका वाढतो. गीर, साहिवाल यांसारख्या जातींतील काही गाईंच्या कासा लोंबत्या व सड जाड असतात. अशा सडांना नवजात वासराचे तोंड नीट लागत नाही आणि यंत्राने धार काढणेही अवघड जाते. पोटाला घट्ट जोडलेली, समतोल, ढोपराच्या वर राहणारी कास आणि मध्यम लांबीचे सड ही चांगल्या ठेवणीची लक्षणे होत. अशी गाय अधिक वेते टिकते.

तात्पर्य, कास धारेपूर्वी पाहावी, तशीच धारेनंतरही पाहावी. चारी सडांची धार तपासावी आणि लागोपाठ दोन-तीन वेळचे दूध आपल्यासमोर मोजून घ्यावे. ठेवणीवरून गाय किती टिकेल याचा अंदाज येतो. दुधाचा निवाडा मात्र मापानेच होतो.