नाकतोड्याचे शरीर पाहा, बांधाकडे लक्ष द्या



अलिबाग, पेण, मुरूड या खाडीकाठच्या भागात भात निसवू लागले, की नाकतोड्याची तक्रार सुरू होते. तोपर्यंत कीड उडू लागलेली असते. आपण पावडर धुरळावी, तर ती शेजारच्या खाचरात जाऊन बसते. तिला केव्हा आणि कोठे गाठावे, हे तिच्या शरीरावरूनच कळते. म्हणून आज औषधांची यादी बाजूला ठेवून एक नाकतोडा पकडून पाहू. धरताना मागचे पाय जपा, त्यांवर करवतीसारखे काटे असतात.

भातावरचा नेहमीचा नाकतोडा म्हणजे हायरोग्लायफस बनियन. रंग हिरवट पिवळा आणि मानेवरच्या ढालीसारख्या भागावर काळ्या आडव्या रेषा, ही त्याची खूण.

डोक्यावर दोन मोठे संयुक्त डोळे आणि तीन बारीक साधे डोळे असतात. पुढच्या दोन शृंगिका वास व स्पर्श ओळखतात. तोंडातले जबडे आपल्यासारखे वर-खाली हलत नाहीत, कात्रीसारखे आडवे चालतात. त्यामुळे पान कडेपासून कातरले जाते. निळे भुंगेरे पानाचा हिरवा भाग खरवडून पांढऱ्या रेघा पाडतात, तर तुडतुडे नुसता रस शोषतात. पान पाहून कीड ओळखावी, मगच दुकानाची पायरी चढावी. पाने खाल्ली तर पीक सावरते, पण हेच जबडे लोंबीचा देठ कुरतडू लागले की लोंबी हातची गेली.

छातीला पायांच्या तीन आणि पंखांच्या दोन जोड्या असतात. मागच्या पायांच्या जाड मांड्या उडीसाठी. पुढचे पंख अरुंद व चिवट, ते झाकणाचे काम करतात. उडायचे ते मागचे, पंख्यासारखे घडी होणारे. पिलांना मात्र पंख नसतात. अनेकदा कात टाकल्यावर, शेवटच्या कातीनंतर ते पुरे होतात. म्हणजे जून-जुलैत बांधावरच्या गवतात टुणटुण उड्या मारणारे पिल्लू फार लांब जाऊ शकत नाही.

नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या खंडावर, दोन्ही बाजूंना असतात. श्वासही तो नाकाने घेत नाही. छातीवर २ आणि पोटावर ८ अशा श्वसनरंध्रांच्या १० जोड्यांतून हवा आत जाते. नुसते डोके पाण्यात बुडवून तो गुदमरत नाही!

आता मादीच्या पोटाचे टोक पाहा. तेथे टणक, टोकदार पाती दिसतील. ती उघडमीट करून मादी माती उकरते आणि पोट ताणून बांधात दोन-तीन इंच खोल अंडी घालते. एका पुंजक्यात ३०-४० अंडी असतात. त्यांवरचा चिकट फेस वाळून घट्ट होतो. खाचरात पाणी असते, म्हणून ती बांधाची कोरडी जागा निवडते. ही अंडी पुढच्या पावसापर्यंत तशीच राहतात. वर्षात पिढी एकच.

तेव्हा वाल काढून झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत बांधाच्या कडा कुदळीने छाटून घ्याव्यात. उघडे पडलेले पुंजके उन्हाने सुकतात, साळुंक्या टिपतात. कोंबड्या सोडल्या तर उत्तमच. पहिल्या पावसानंतर बांधावरचे गवत कापून पिलांचे खाद्य तोडावे. एवढे करूनही पिले दिसली, तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारून शिफारशीतले औषध बांधावरच वापरावे. जुन्या बीएचसी पावडरीवर १९९७ साली आणि मिथिल पॅराथिऑनवर २०१८ साली बंदी आली. माळ्यावर एखादी पिशवी उरली असेल, तर ती वापरू नका.

खारजमिनीतील बांधवांना एक वेगळी सूचना. छाटणी फक्त खाचरांच्या आतल्या बांधांची करावी. खाडीचे पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला कुदळ लावू नये. तेथे गवताच्या मुळांनीच माती धरलेली असते, म्हणून त्यावरचे गवत विळ्याने वरच्यावर कापावे.