भाताविना रात्रीचें जेवण

संध्याकाळीं साडेसहाचा सुमार. अमेरिकेंतील एखाद्या शहरांत नवराबायको दोघेंहि कामावरून घरीं परततात. मुलें भुकेलेलीं असतात, आणि उद्यां पुन्हां पहाटे उठावयाचें असल्यामुळें चुलीपाशीं तास-दीड तास उभें राहण्याचें त्राण कोणांतच उरलेलें नसतें. अशा वेळीं बाहेरून तयार जेवण मागविणें हा सर्वांत सोपा मार्ग. पण हें मागविलेलें जेवण बहुधा पिझ्झा, नूडल्स किंवा भातावर ओतलेलें गोडसर कालवण यांपैकीं कांहींतरी असतें. घरांत कोणाला मधुमेह जडला असेल तर हा सोपा मार्ग त्याला महाग पडतो. डॉक्टरांनीं पिष्टमय पदार्थ कमी करण्यास बजावलेलें असतें. म्हणून त्या एका माणसाचें पान निराळें पडूं लागतें. इतर मंडळी वाफाळलेला भात वाढून घेतात आणि तो मात्र काकडीच्या फोडी चघळीत बसतो. असें पथ्य फार दिवस टिकत नाहीं. जिभेच्या लोभापेक्षां एकटें पडण्याच्या कंटाळ्यानेंच तें अधिक वेळां मोडतें.

या अडचणीवर तिकडील घरांतून एक सुटसुटीत तोडगा रूढ झाला आहे. तळाशीं भाताऐवजीं फ्लॉवरचा परतलेला कीस, त्यावर दोन-तीन भाज्या, आणि सर्वांत वर स्टेकचे, म्हणजे तव्यावर भाजलेल्या गोमांसाच्या जाड तुकड्याचे, पातळ काप असा एक भरलेला वाडगा प्रत्येकापुढें ठेवावयाचा. हें जेवण साधारण अर्ध्या तासांत होतें, आणि मुख्य म्हणजे घरांतील सर्वजण तेंच खाऊं शकतात.

पिष्ट कमी करून मांस व भाज्या वाढविण्याची कल्पना आजची नव्हे. ब्रिटिश सैन्यांतील शल्यवैद्य जॉन रोलो यानें १७९७ सालीं मधुमेहावरील आपल्या ग्रंथांत मांसप्रधान आहाराचा उपाय सांगितला होता. पुढें लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाची गोष्ट घडली. अंत्यविधीची व्यवस्था लावणें हा त्याचा धंदा. तो इतका स्थूल झाला होता कीं जिना उतरतांना त्याला पाठमोरें उतरावें लागे. डॉक्टर विल्यम हार्वे यांच्या सल्ल्यानें त्यानें पाव, साखर, बटाटे व बिअर हीं सोडलीं, आणि वजन उतरल्यावर १८६३ सालीं आपला अनुभव एका पुस्तिकेंत छापला. स्वीडिश भाषेंत वजन उतरविण्यासाठीं आहार आवरण्याला अजूनहि ‘बांटा’ असेंच म्हणतात, तें या गृहस्थाच्या नांवावरून. १९२२ सालीं इन्सुलिन प्रथम रोग्याला टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत मधुमेही मनुष्याच्या हातीं आहाराच्या नियमनाखेरीज फारसें कांहीं नव्हतें. १९७२ सालीं डॉक्टर रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकानें हा विचार अमेरिकेंत घरोघर पोंचविला. आहारांतील एकूण कर्बोदकें कमी केल्यानें मधुमेह्याच्या रक्तांतील साखर आटोक्यांत येण्यास मदत होते, यास पुरेसा आधार आहे, असें अमेरिकन मधुमेह संघाच्या २०१९ सालच्या अहवालांतहि नमूद आहे.

आतां हिशेब पाहावा. शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें २८ ग्रॅम कर्बोदकें असतात. तितक्याच वजनाच्या फ्लॉवरमध्यें तीं ५ ग्रॅमच्या आसपास असून त्यांतील २ ग्रॅम नुसता न पचणारा चोथा असतो. मांसांत कर्बोदकें जवळजवळ नसतातच. तेव्हां २०० ग्रॅम भाताचा वाडगा घेतला तर एकट्या भातांतूनच ५६ ग्रॅम कर्बोदकें पोटांत जातात. उलट येथें वर्णिलेला संपूर्ण वाडगा, भाज्या व रसा धरूनहि, वीस ग्रॅमच्या आसपास राहतो.

परंतु आंकडे जुळले म्हणून जेवण जुळतें असें नाहीं. भात हा पोट भरण्याखेरीज आणखी एक काम करीत असतो: कालवणाचा रस तो शोषून घेतो आणि प्रत्येक घांसांत चव पोंचवितो. भात काढला कीं ही जागा रिकामी राहते, आणि खाणाराला कांहीं तरी हिरावून घेतल्यासारखें वाटतें. ही जागा फ्लॉवरनें भरावयाची, तर तो कोरडा असला पाहिजे. या पदार्थांतील सगळी मेख येथेंच आहे. मांस असो, भाज्या असोत कीं फ्लॉवर असो, बिघडतें तें अंगच्या पाण्यामुळें. पाणी आधीं उडवून लावलें कीं अर्धें कौशल्य साधलें.

चार माणसांसाठीं सुमारें ६०० ग्रॅम मांस पुरतें. कमरेजवळचें सरलॉइन किंवा पोटाच्या बाजूचें फ्लँक घ्यावें. आंतल्या कोंवळ्या, महाग तुकड्याची येथें गरज नाहीं. तुकडा सुमारें अडीच सेंटीमीटर जाड असावा. त्याशिवाय ६०० ग्रॅम फ्लॉवर, ३०० ग्रॅम ब्रोकली, २०० ग्रॅम अळंबीं, दोन तांबड्या ढोबळ्या मिरच्या, चार-पांच लसूणपाकळ्या, बोटभर आलें, एक लिंबू, सोया सॉसचे दोन मोठे चमचे आणि थोडें तेल, एवढें साहित्य लागतें. बाजारांतील बाटलीबंद गोड सॉस मात्र टाळावा. त्यांत साखर व मक्याचें पीठ असतें, आणि भातांतून वाचविलेलें तें येथें परत येतें.

पहिलीं दहा मिनिटें चिरण्यांत जातात. फ्लॉवर किसणीच्या मोठ्या भोंकांनीं किसावा. ब्रोकलीचे तुरे लहान करावे, मिरचीच्या लांब चिरा कराव्या, आणि अळंबीं पुसून जाडसर कापावीं. मांस स्वच्छ कागदानें किंवा फडक्यानें दोन्ही बाजूंनीं टिपून अगदीं कोरडें करावें. मीठ एक तर पाऊण तास आधीं चोळावें, नाहीं तर अगदीं तव्यावर टाकतांना. मधल्या वेळांत चोळलें तर मिठानें ओढलेलें पाणी पृष्ठभागावर सांचून राहतें. तें पुन्हां आंत मुरण्यास पुरेसा अवधि मिळालेला नसतो.

मग एका शेगडीवर पसरट कढई ठेवून चमचाभर तेलावर फ्लॉवरचा कीस टाकावा. आंच मोठी असावी आणि झांकण मुळींच ठेवूं नये. झांकणाखालीं वाफ कोंडते आणि किसाचा लगदा होतो. पांच-सहा मिनिटांत वाफ निघणें कमी होतें, कीस मोकळा होतो व कडेला किंचित् तांबूस दिसूं लागतो. मीठ शेवटीं घालावें.

दुसऱ्या शेगडीवर त्याच वेळीं बिडाचा जाड तवा तापत ठेवावा. त्यावरून हलका धूर दिसूं लागला कीं तेलाचा हात फिरवून मांस टाकावें आणि तीन-चार मिनिटें त्याला हलवूं नये. या वेळांत खालच्या बाजूला जो गडद तांबूस रंग येतो व जो खमंग वास सुटतो, त्याचें रासायनिक स्वरूप फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय माय्यार यानें १९१२ सालीं प्रथम वर्णिलें. मांसांतील प्रथिनांचे घटक व शर्करा यांची ही क्रिया साधारण १४० अंश सेंटिग्रेडच्या वर जोरानें चालते. पाणी १०० अंशांवर उकळतें; म्हणून पृष्ठभागावर पाणी आहे तोंवर तेथील उष्णता त्यापलीकडे जात नाहीं, आणि मांस भाजण्याऐवजीं उकडतें. कोरडें पुसण्याचें कारण तें हेंच. मोठ्या आंचेवर भाजल्यानें मांसाचीं छिद्रें बुजून रस आंत कोंडला जातो, असा एक समज एकोणिसाव्या शतकांतील जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्यापासून चालत आला आहे. तो प्रयोगांत टिकला नाहीं. भाजण्यानें रस राखला जात नाहीं. चव मात्र निर्माण होते.

दुसरी बाजूहि तितकाच वेळ भाजावी. मांस आंतून किती शिजलें हें रंगावरून ओळखणें विश्वासाचें नसतें. तुकड्याच्या कडेनें मध्यभागापर्यंत उष्णतामापक खुपसून पाहणें चांगलें. अखंड तुकड्यासाठीं ६३ अंश सेंटिग्रेड उष्णता आणि त्यानंतर निदान तीन मिनिटें विसांवा, असा अमेरिकेच्या शेतकी खात्याचा दंडक आहे. खिम्यासाठीं तोच खात्याचा आंकडा ७१ अंशांचा आहे. कारण अखंड तुकड्याचे जंतू बहुधा बाहेरच्या अंगाला असतात, तर खिमा करतांना ते आंतपर्यंत मिसळले जातात.

मांस ताटलींत काढून पांच मिनिटें तसेंच राहूं द्यावें. उतावीळपणानें लगेच कापलें तर रस फळीवर वाहून जातो. हा विसांव्याचा वेळ फुकट दवडावयाचा नसून त्यांतच भाज्या उरकावयाच्या असतात. त्याच तव्यांत प्रथम अळंबीं टाकावीं, कारण त्यांना पाणी फार सुटतें. तें आटल्यावर मिरची व ब्रोकली घालून तीन-चार मिनिटें परतावीं. दांताखालीं किंचित् करकरीत राहिलीं पाहिजेत. तवा लहान असल्यास भाज्या दोन वेळां कराव्या, पण गर्दी करूं नये. शेवटीं ठेंचलेलें आलें-लसूण परतून सोया सॉस व लिंबाचा रस घालावा, आणि तव्याला चिकटलेली मांसाची खमंग खरवड उलथण्यानें सोडवून त्यांत मिसळावी. सोया सॉस अतिशय खारट असतो. त्यामुळें भाज्यांना वेगळें मीठ लागत नाहीं, आणि रक्तदाबाच्या माणसानें कमी मिठाचा सॉस वापरावा.

आतां मांस कापावयाचें. त्याचे धागे कोणत्या दिशेनें जातात हें नीट पाहून त्यांना आडवी सुरी चालवावी. फ्लँकचे धागे लांब असतात. ते उभे कापले तर घांस चघळतां चघळतां जबडा दुखतो, आणि आडवे, पातळ कापले तर तेंच मांस मऊ लागतें. वाडग्यांत प्रथम फ्लॉवर, मग भाज्या, वर काप, आणि ताटलींत सांचलेला मांसाचा रस सर्वांवर ओतावा. कोरडा परतलेला कीस तो रस ओढून घेतो, आणि भाताचें राहिलेलें काम पुरें होतें. वाढत्या वयाच्या मुलांसाठीं चार चमचे भात निराळा ठेवण्यास हरकत नाहीं. पथ्य ज्याचें त्याचें असतें, जेवण मात्र एकच असावें.

दोन सूचना येथें अवश्य आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या चालूं असतांना पिष्ट एकाएकीं तोडलें तर साखर धोक्याच्या पातळीखालीं जाऊं शकते; लघवीवाटें साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांबरोबर रक्तांत आम्लें वाढण्याचें भय असतें. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यानें प्रथिनांचें प्रमाणहि विचारून घ्यावें. तेव्हां आधीं डॉक्टरांचा सल्ला, मग वाडगा. दुसरें असें कीं, तांबडें मांस हें रोजचें अन्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं तें कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत घातलें, आणि जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या शिफारशीप्रमाणें तें आठवड्यास शिजलेल्या वजनानें ३५० ते ५०० ग्रॅमच्या आंत असावें. म्हणजे असा वाडगा आठवड्यांतून दोनदां पुरे.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथें स्थायिक झालेल्या मराठी घरांना या युक्तीचा उपयोग विशेष आहे. दक्षिण आशियांतील लोकांना मधुमेह इतरांपेक्षां कमी वजनावर व लवकर गांठतो, आणि परक्या मुलुखांतहि रात्रीचा भात सुटत नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ च्या कायद्यानें गायीप्रमाणेंच बैल व वळू यांच्याहि कत्तलीस बंदी आहे. शिवाय अनेक घरांत तें मांस मुळींच चालत नाहीं. म्हणून कृति टाकावी लागत नाहीं. कोंबडीचें बिनहाडाचें मांस, सुरमईची तुकडी, कोळंबी किंवा पनीर यांनाहि हाच नियम लागूं पडतो: अंग कोरडें, तवा तापलेला, तव्यांत गर्दी नाहीं. कोंबडी मात्र आंतपर्यंत ७४ अंशांवर शिजली पाहिजे. बोकडाचें मांस या कामीं घेऊं नये. तें सावकाश रटरटूं दिल्यानेंच मऊ होतें, आणि दहा मिनिटांच्या तव्यावर चिवट राहतें. भाज्यांत ब्रोकलीऐवजीं फरसबी किंवा कोबी, आणि सोया सॉसऐवजीं आलें, लसूण, मिरपूड व लिंबू एवढें चालतें.

सात वाजतां चुलीपाशीं उभें राहिलेलें माणूस साडेसातला जेवावयास बसूं शकतें, ही या वाडग्याची सोय झाली. त्याचा खरा लाभ टेबलाभोंवतीं दिसतो. ज्याला साखरेचें दुखणें आहे त्याच्यापुढें जें वाढलेलें असतें तेंच त्याच्या मुलांपुढें असतें, आणि कोणाचें पथ्य आहे हें पाहुण्याला सांगितल्याविना कळत नाहीं. पथ्य असें पंगतींत बसून पाळतां आलें म्हणजे तें शिक्षा वाटत नाहीं. आणि जें शिक्षा वाटत नाहीं तेंच वर्षानुवर्षें पाळलें जातें.