दोन धारांच्या मधली ट्रिप

मागचे दोन एपिसोड ऐकून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. "ताई, घरच्यांसोबत वॉटर पार्कला जायचं चाललंय, शिर्डीचं बरं आहे का?" तर आज मी रिव्ह्यू देणार होते. स्लाइड किती, लॉकर कसे, गर्दी कधी असते, वगैरे वगैरे. पण मुद्दे काढायला बसले आणि लक्षात आलं, आमची ट्रिप बिघडली ती काही स्लाइडमुळे नाही, आणि जेवढी जमली तेवढीही स्लाइडमुळे नाही. म्हणून रिव्ह्यू राहू दे. जे झालं ते सांगते.

आमचं घर राहुरी तालुक्यात. घरी पाच गायी. ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांना पुढचं सांगायची गरजच नाही. पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार, आणि दूध डेअरीवर वेळेत गेलं पाहिजे. गायीला रविवार कळत नाही. त्यामुळे आम्ही चौघं मिळून कुठे मुक्कामी गेलोय असं कधी झालंच नाही. लग्नाला जायचं तरी दोघं जाणार, दोघं घरी राहणार.

लहानपणी टीव्हीवर एस्सेल वर्ल्डची जाहिरात लागायची. मुंबईत गोराईला, १९८९ मध्ये सुरू झालेलं पार्क, खाडीतून बोटीने जायचं. मला तर पाळण्यांपेक्षा त्या बोटीचंच जास्त वेड होतं. पप्पा म्हणायचे, "दहावी होऊ दे, जाऊ." दहावी झाली. मग बारावीवर गेलं. मग मी पुण्याला आले आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मधे खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं होतं. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मी तिथे जाऊन आले. नायट्रोवर बसले, म्हणजे तो पायाखाली फरशीच नसलेला रोलर कोस्टर, आणि ओरडून ओरडून घसा बसला. रात्री घरी फोन केला, तेव्हा घसा का बसलाय ते मात्र सांगितलं नाही. सर्दी झालीय म्हणाले.

एक गंमत सांगू का? ते इमॅजिका २०२२ मध्ये मालपाणी समूहाने घेतलं. म्हणजे आपल्या संगमनेरवाल्यांनी. शिर्डीचं वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि साई तीर्थ हे थीम पार्क, दोन्ही त्यांनीच उभी केलेली. आम्ही आयुष्यभर मुंबईकडे बघत बसलो आणि पार्क घरापासून तास-सव्वा तासावर येऊन उभं राहिलं होतं. पहाटेची धार काढून निघायचं, संध्याकाळच्या धारेला परत. बसतंय की हिशोबात!

तर मागच्या मे महिन्यात मी ठरवलं. पगार माझा, गाडी मामाची इको, चालवणार मी. आमचा बारक्या अठरा वर्षांचा, नुकतीच सीईटी देऊन मोकळा झालेला, आणि पावसाळ्यात कॉलेजला बाहेरगावी जाणार. म्हटलं, आत्ता नाही तर मग कधीच नाही.

घरात एकही माणूस खूश झाला नाही. पप्पा म्हणाले, "आता पोरं मोठी झाली, आता कशाला?" मम्मी म्हणाली, "मी काय घालू तिथं?" आणि बारक्या म्हणाला, "मी मित्रांसोबत जाणारे, तुम्ही या जाऊन." खरं सांगू का, त्याचं मला समजत होतं. अठराव्या वर्षी आईवडिलांबरोबर स्लाइडच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर? मी पण त्या वयात हेच म्हणाले असते. पण मी एक केलं, आणि ते चांगलं झालं. सगळं प्लॅनिंग त्याच्याच गळ्यात टाकलं. तारीख तू ठरव, तिकीट तू काढ, काय कधी करायचं ते तू लिही. दोन दिवसांत भाऊ वेबसाइट पाठ करून बसला! शनिवार-रविवार नको, मंगळवार घेऊ. नायलॉनचे कपडे आधीच घेऊ, तिथे भाड्याने घ्यायला लागायला नकोत. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, आणि ओले झाले की जड होतात ते वेगळंच. मम्मीसाठी त्याने श्रीरामपूरहून फुल बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग आणलं. स्वतः जाऊन. हे मी त्याच्या मित्रांना सांगणार नाही असं कबूल केलंय, तर तुम्ही पण सांगू नका.

प्लॅन असा होता. अडीचपर्यंत पाण्यात, मग जेवण, मग साई तीर्थ, आणि तिथून थेट घर. साई तीर्थमध्ये पाण्याचं काही नाही. तीर्थयात्रा नावाची राइड आहे, तिच्यात बसून देशभरातल्या मंदिरांच्या प्रतिकृती बघत फिरायचं. लंकादहनचा फाइव्ह-डी शो आहे, खुर्च्या हलतात. बाबांवरचा एक सिनेमा आहे. आणि द्वारकामाईचा शो आहे, त्यात यंत्रावर चालणारे साईबाबा हालतात, बोलतात. सगळ्या प्लॅनमध्ये पप्पांनी एवढंच मागितलं होतं. म्हणजे मागितलं असंही नाही. "ते द्वारकामाईचं जमलं तर बघू," एवढंच म्हणाले. बाबांनी समाधी घेतली १९१८ मध्ये, आणि पप्पांच्या पणजीने बाबांना प्रत्यक्ष बघितलं होतं असं आमच्या घरात सांगतात. शिवाय पप्पा मोटारी दुरुस्त करतात, विहिरीवरच्या. त्यामुळे ती मूर्ती नेमकी कशावर हलते, हेही त्यांना बघायचं होतं.

निघालो साडेआठला. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला, बाभळेश्वर, राहाता करत दहाच्या सुमारास शिर्डीत. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं इतकी अवघड होती! चौघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मम्मी टॉवेल गुंडाळूनच चालत होती. पप्पांनी एक खुर्ची बघितली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "तुम्ही जा, मी बॅगा बघतो." बारक्याने शांतपणे सगळ्या बॅगा, चपला, फोन लॉकरमध्ये टाकले आणि चावी स्वतःच्या मनगटाला बांधली. आता बघायला काही उरलंच नाही! पप्पा दोन मिनिटं हात कुठे ठेवायचे या विचारात.

त्यांना बीपीची गोळी चालू आहे. मोठ्या स्लाइडच्या पायथ्याशी पाटीच असते, हृदयाचा, पाठीचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर बसू नये. ती पाटी आपण वाचत नाही, पण आईवडिलांबरोबर असाल तर वाचा. पप्पा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, पुढे काही गेले नाहीत. मीही जास्त ओढलं नाही.

आणि मम्मी! वेव्ह पूलचा भोंगा वाजला. अशा बऱ्याच पूलमध्ये भिंतीमागच्या खोल्यांत हवा दाबतात, त्या दाबाने पाणी पुढे ढकललं जातं आणि लाट तयार होते. बारक्या मला हे समजावून सांगत होता, मी ऐकत होते, आणि मम्मी कुठेय म्हणून बघितलं तर ती आमच्या पुढे, गळ्याएवढ्या पाण्यात, लाटेवर आरामात तरंगत होती. आम्ही दोघं थक्क. ती म्हणाली, "अरे, माहेरी विहिरीत पोहायचो आम्ही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलायचे मामा." चोवीस वर्षं मी या बाईची मुलगी आहे आणि हिला पोहता येतं हे मला माहीत नाही! आम्हा दोघांनाही येत नाही, बरं का. तिने बारक्याला मानेखाली हात देऊन उताणं तरंगायला शिकवलं, सगळ्यांसमोर, आणि तो लाजला वगैरे नाही.

इथपर्यंत मस्त चाललं होतं. मग दीडच्या सुमाराला त्याला त्याचे मित्र भेटले. "ताई, दोन राइड करून आलो." गेला तो गेलाच.

दोन वाजले, अडीच वाजले, तीन. फोन सगळ्यांचे लॉकरमध्ये आणि लॉकरची चावी त्याच्या मनगटावर! कुठे भेटायचं हे ठरलेलंच नव्हतं. एवढा प्लॅन केला आणि ही एवढीशी गोष्ट राहिली. मी प्रत्येक स्लाइडच्या खाली जाऊन बघून आले. मम्मी घाबरली. पप्पा काही बोलत नव्हते, फक्त कुणाच्या तरी घड्याळात वेळ विचारत होते. सव्वातीनला साहेब हसत आले. घड्याळच नव्हतं, वेळ कळली नाही, खरं होतं ते. पण पप्पांचा आवाज चढला. तो म्हणाला, "मी काय लहान आहे का हरवायला?" पप्पा म्हणाले, "लहान असतास तर धरून ठेवला असता." मित्र तिथेच उभे होते.

मम्मीने केलेली थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत होती, पार्किंगमध्ये उभ्याउभ्या खाल्ली. चार वाजायला आले होते. साई तीर्थचं नाव कुणी काढलं नाही. पप्पा स्वतःच म्हणाले, "चला, धारेला उशीर होईल." येताना राहात्याच्या पुढे रसवंतीवर थांबलो. चार ग्लास रस, आणि घुंगरांचा आवाज सोडला तर सगळं शांत.

मला त्या रात्री बारक्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. चौघांपैकी तिघांचं सगळं झालं होतं आणि ज्याने एकच गोष्ट सांगितली, त्याची आम्ही शेवटी ठेवली होती. शेवटची गोष्टच नेहमी कापली जाते. आपल्या वयाच्या पोरांना वाटतं आपल्याला कुणी विचारत नाही. पण आपण मोठे झालो की घरातला प्लॅन आपणच करायला लागतो, आणि मग विचारायचं काम आपलं असतं. तर तुम्ही जाल तेव्हा आधी प्रत्येकाला विचारा, कुठली एक गोष्ट राहिली तर तुला वाईट वाटेल? आणि जो "जमलं तर बघू" म्हणेल, त्याची सकाळीच उरकून टाका. मग खुशाल वेगवेगळे फिरा. अठरा वर्षांच्या पोराला दिवसभर शेपटीसारखं मागे ठेवू नका. फक्त जागा ठरवा, वेळ ठरवा, आणि एक साधं वॉटरप्रूफ घड्याळ जवळ ठेवा. आणि चावी एकट्याकडे देऊ नका, प्लीज!

जूनच्या शेवटी मी पुण्यात होते. दुपारी बारक्याचा फोटो आला व्हॉट्सॲपवर. साई तीर्थच्या गेटबाहेर पप्पा, इस्त्रीचा शर्ट, टोपी, कडक उन्हात डोळे बारीक केलेले. दोघंच मोटारसायकलवर गेले होते, मला काही न सांगता. मी लगेच फोन केला. पप्पांना विचारलं, "कसं होतं द्वारकामाईचं?"

म्हणाले, "अगं, वायर कुठंच दिसंना. दोनदा बघितलं."

मग म्हणाले, "ठेवतो, साडेतीन झाले."