न्हाणीचाही दसरा काढू

घट बसण्याआधी आपण पोखर्णीत दसरा काढतो. गोधड्या, भांडी, भिंती सगळं निघतं. न्हाणी तेवढी राहते. यंदा आम्ही गटातल्या बायकांनी सुरुवात तिथूनच केली. शेवाळ खरवडलं. कळीचा चुना रात्रभर भिजवला, सकाळी डोळे सांभाळून भिंतींना दोन हात दिले. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं. दाराला झेंडूचं तोरण लावलं.

पण खरी सजावट आतली कडी. इतकी वर्षं जुन्या लुगड्याच्या आडोशाला, उजाडायच्या आत, अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ उरकली. नरक चतुर्दशीला सगळ्यांना उटणं लावून आपल्या वाट्याला गार पाणी. यंदा आम्ही कडी लावून, कढत पाण्यानं, निवांत न्हाणार. तुम्हीही तोरणाआधी कडी बसवा.