घरात राहणाऱ्या माणसाचं दुःख



येत्या जूनपासून मी सुवार्तेच्या कामाचं शिक्षण घ्यायला जाणार होते. सहा महिने बाहेरगावी राहायचं. देवानं बोलावलंय असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. पण घरात सांगितलं त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. मालक दोघींच्या मध्ये सापडले. मी रोज एकच प्रार्थना करायची, "प्रभू, यांचं मन बदल."

त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा हातात घेतलं. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. घर कडक सोवळ्याचं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहान दत्तू. पुढची चार-साडेचार वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांच्या आधारानं.

टिळक नगरला मिशनच्या कामात होते. पुढं लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळं आपण पाळत राहिल्या. जात माणसानं केली, देवानं नव्हे, हे त्यांना स्वतः विचार करून पटलं, तेव्हाच त्यांनी ते सोडलं. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्याच बाईनं परक्यांची लेकरं घरात वाढवली. 1919 साली टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं, त्याचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

पूर्वी हे पुस्तक वाचताना माझं लक्ष टिळकांकडं असायचं. सत्य सापडलं आणि माणूस निघाला, याचं कौतुक वाटायचं. या खेपेला लक्ष घरात राहिलेल्या बाईकडं गेलं. बोलावणं एकाला येतं, पण त्याची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते. मग माझ्या ध्यानात आलं, की मी सासूबाईंना विचारलंच नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

कांदे काढणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "थोरला पुण्याला गेला, सहा महिन्यांत येतो म्हणून. चौदा वर्षं झाली. तू पण तशीच गेलीस तर?"

मी समजत होते, त्यांचा राग माझ्या कामावर आहे. ती भीती होती, मैत्रिणींनो. मला ती दिसलीच नव्हती. ज्या बाईला सासूचं दुःख दिसत नाही, ती गावोगाव जाऊन लोकांचं काय ऐकणार?

पाळकसाहेबांना विचारून मी जाणं पुढच्या वर्षावर ढकललं. वाईट वाटलं, रडलेसुद्धा. पण गेथशेमाने बागेत प्रभूनंही आधी आपलं मन पित्यापुढं मोकळं केलं, मग त्याच्या इच्छेला मान दिला. आता माझी प्रार्थना बदलली आहे. "माझं मन बदल, आणि थांबायचं बळ दे," एवढंच मागते.

सासूबाई अजून 'जा' म्हणालेल्या नाहीत. पण परवा मी प्रार्थनेला बसले, तेव्हा काठी टेकत आल्या आणि शेजारी बसल्या.

तुमच्याही घरात कुणी शिक्षणाला, नोकरीला, सेवेला निघालं असेल. निघणाऱ्यासाठी प्रार्थना कराच, पण मागं राहणाऱ्याला आज एकदा विचारा, "तुला कशाची भीती वाटते?"

सलाम.