खर्चाची वही आणि सुखाचा हिशेब

(देवगाव फाटा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सेलूकडून येणारा रस्ता जेथे मंठा-जिंतूर मार्गाला मिळतो, त्या देवगाव फाट्यावर काटकसरीचा उपदेश करणे धाष्ट्र्याचेच ठरेल. ज्याचे सोयाबीन नि कापूस पावसाच्या लहरीवर आणि बाजारभावावर अवलंबून, त्याला ‘जपून खर्च कर’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व पटविणे होय. शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर त्याच्या लग्नकार्यावर फोडण्याची रीतही जुनीच आहे. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा सरकारने नेमलेल्या आयोगालाही मान्य करावे लागले की, कर्जाचे कारण म्हणून समारंभांच्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. तेव्हा भावाची आणि पाण्याची लढाई पहिली. वहीतील बचत तिची जागा घेऊ शकत नाही.

परंतु एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. हाती येणारा पैसा थोडा आहे म्हणूनच तो कोणाच्या इच्छेने खर्च होतो, हा प्रश्न गरिबाच्या घरी अधिक निकडीचा आहे. समजा, जेवणावळ, मंडप व आहेर यांसाठी ५०,००० रुपये शेकडा ३ रुपये महिना दराने काढले. वर्षाचे व्याज १८,००० रुपये. मुद्दल जागच्या जागी. जेवणाची चव पाहुण्यांच्या तोंडी आठ दिवसही राहत नाही. व्याज मात्र पुढच्या पेरणीला बांधावर येऊन उभे राहते. यातून यजमानाला सुख लाभले काय? पुष्कळदा लाभते ती केवळ सुटका : लोक नावे ठेवणार नाहीत, एवढीच. लोकलाजेपोटी केलेला खर्च आणि आनंदासाठी केलेला खर्च, हा भेद प्रथम ओळखला पाहिजे.

गाडगेबाबांनी तो ओळखला होता. मुलीच्या बारशाला मांस-मद्याची पंगत देण्याची चाल मोडून त्यांनी गोड जेवण दिले. कर्ज काढून सण करू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुले शिकवा, हे ते आयुष्यभर कीर्तनांतून सांगत राहिले. मात्र त्यांनी खर्चालाच विरोध केला नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांनी बदलली ती खर्चाची दिशा.

यासाठी साधी वही पुरेशी आहे. खर्च मांडावा आणि तीन महिन्यांनी नवरा-बायकोने मिळून प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा : हा पैसा पुन्हा याच कामी घालावासा वाटतो काय? शेतात राबणाऱ्या बाईचे मत या हिशेबात आजवर विचारलेच गेलेले नाही. लेकीला भेटण्यासाठी केलेला प्रवास, पंढरीची वारी, फाट्यावर मित्राबरोबर घेतलेला चहा या ओळी कदाचित जशाच्या तशा राहतील. त्या राहाव्यातही. गरिबाने आनंदावर खर्चच करू नये, असे सांगणारा समाजवाद कोणाला हवा आहे?

एकट्याने चाल मोडली, तर त्याच्या लेकीला सासरी ऐकून घ्यावे लागते. १९६१ चा हुंडाबंदी कायदा असूनही हुंडा गेला नाही, तो या धाकामुळेच. दहा घरांनी एकत्र ठरविले, की तीच नवी चाल होते. पुरोहिताविना विवाह लावणारे सत्यशोधकही १८७३ साली मूठभरच होते. कार्यकर्त्याने मात्र आरंभ गावापासून नव्हे, स्वतःच्या घरच्या पुढच्या लग्नापासून करावा. ज्याची स्वतःची वही कोरी, त्याच्या भाषणावर गाव का विश्वास ठेवील?